चला, गाडीवाटेने औंधला!

मुलांनो, आधी एक कोडं सोडवा बघू. अशी कोणती वाट आहे, की जिच्या नावातच गाडी आहे, पण जिच्यावर मोटारगाडी औषधालाही सापडत नाही?

डोकं खाजवू नका. उत्तर आहे गाडीवाट! यातली गाडी म्हणजे बैलगाडी, बरं का. तुमच्या आजोबांना विचारा. डांबरी रस्ता येण्याआधी एका गावाहून दुसऱ्या गावाला, गावातून शिवारात, शिवारातून बाजाराला जायला याच वाटा होत्या. दोन चाकोऱ्या, मध्ये गवताचा पट्टा आणि दोन्ही अंगांना बांध. कुठे दोन्हीकडून निवडुंग किंवा बाभळी असल्या की तिला पाणंद म्हणायचे. आज या वाटांवरून बैलगाड्याही क्वचितच जातात. मग जातं कोण? आमच्या शाळेची मुलं जातात. सायकलवरून!

मी सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या एका वाडीत शिक्षिका आहे. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला मुलांना औंधच्या हायस्कुलात जावं लागतं. अंतर काही फार नाही, डांबरी रस्त्याने चार किलोमीटरच्या आसपास. सायकलला वीस मिनिटं पुरतात. पण नोव्हेंबर उजाडला, उसाचा हंगाम सुरू झाला, की याच रस्त्यावरून ट्रॅक्टर धावायला लागतात. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लावलेली असतात, त्यामुळे मागून वाजवलेली सायकलची घंटी ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. पहिली ट्रॉली गेली म्हणून सायकलवाला रस्त्यावर यायला बघतो, तोवर दुसरी अंगावर येते. मी स्वतः एकदा अशीच साइडपट्टीवरून घसरून चारीत पडले होते. गुडघा फुटला, साडी फाटली. मी मोठी माणूस, मला काही वाटलं नाही. पण मागच्या वर्षी फेब्रुवारीत आठवीतल्या एका मुलाला ट्रॉलीच्या उसाचा फटका बसला आणि त्याचा हात मोडला. मग मात्र वाडीत घरोघरी एकच बोलणं सुरू झालं.

माझ्या वर्गात तेव्हा सातवीत एक मुलगी होती. गणितात पहिली, धावण्यात पहिली. तिचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी पोरीला न्हाय पाठवत औंधला. सातवी झाली, बास झालं. त्या रस्त्यानं पोरगी सोडायची म्हंजे जीव टांगणीला."

मी काय उत्तर देणार? रस्ता धोक्याचा आहे हे तर मलाही दिसत होतं. एसटीची वेळ शाळेच्या वेळेला जुळत नव्हती. काही पालक नववी-दहावीतल्या मुलांच्या हातात सरळ मोटारसायकल देतात. (हे पालकांनीच वाचावं! मोटारसायकलचं लायसन्स वयाच्या अठराव्या वर्षाआधी मिळत नाही. पोराच्या हातात किल्ली देताना आपण काय देतो आहोत, याचा जरा विचार करा.) म्हणजे तोही मार्ग बंद.

तेवढ्यात वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचा आजा म्हणतो, पूर्वी औंधच्या यात्रेला ह्या डांबरीनं कुणी जात नव्हतं. वड्याकडनं गाडीवाट हाय."

नकाशातली तुटक रेघ

दुसऱ्याच दिवशी मी तलाठी भाऊसाहेबांकडे जाऊन गावचा नकाशा पाहिला. मुलांनो, तुम्हीही एकदा तरी आपल्या गावचा नकाशा बघाच. भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशापेक्षा तो जास्त गमतीचा असतो, कारण त्यात आपलं शेत, आपला ओढा, आपली विहीर सापडते! या नकाशात नुसती पायवाट असेल तर एकच तुटक रेघ असते. गाडीवाट असेल तर दोन तुटक रेघा शेजारीशेजारी. आम्ही बोट ठेवून ठेवून पाहिलं. आमच्या वाडीतून निघालेल्या दोन तुटक रेघा ओढा ओलांडून थेट औंधच्या शिवाराला भिडल्या होत्या.

आता गंमत ऐका. पायवाटेची रुंदी धरतात सव्वाआठ फूट आणि गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस फूट. हे असे विचित्र आकडे का बरं? दहा, वीस असे सरळ का नाहीत? याचं उत्तर मोजणीच्या साखळीत आहे. आपल्याकडे इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली ती ३३ फूट लांबीच्या साखळीने. तेव्हा रुपयाचे सोळा आणे असत, तसे साखळीचेही सोळा आणे! मग अर्धी साखळी, म्हणजे आठ आणे, किती? साडेसोळा फूट. पाव साखळी, म्हणजे चार आणे? सव्वाआठ फूट. आणि ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असा जमिनीचा चौरस तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. घरात जमिनीच्या गोष्टी निघतात तेव्हा गुंठा हा शब्द तुम्ही शंभरदा ऐकला असेल, पण त्याच्या पोटात साखळी दडलेली आहे हे आता कळलं ना?

मग काय, आम्ही ३३ फुटांची सुतळी घेतली, तिला सोळा गाठी मारल्या आणि एका शनिवारी सातवीचा अख्खा वर्ग वाट शोधायला निघाला.

लांबी मोजायला सुतळी पुरणार नव्हती, म्हणून सायकल घेतली. माझी सायकल २६ इंची. चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर, त्याला ३.१४ ने गुणलं की परीघ जवळजवळ २०७ सेंटिमीटर. म्हणजे चाक एकदा पूर्ण फिरलं की सायकल दोन मीटर सात सेंटिमीटर पुढे जाते. चाकाच्या एका तारेला लाल रिबन बांधली. रिबन खाली आली की एक फेरा! मोजायचं काम अर्थातच गणितातल्या पहिल्या नंबरला दिलं. तिने मोजलेले फेरे झाले १,६४०. करा गुणाकार. ३,३९५ मीटर, म्हणजे तीन किलोमीटर आणि वर जवळजवळ चारशे मीटर. डांबरी रस्त्यापेक्षा अर्धा-पाऊण किलोमीटर कमीच!

पण सगळीकडे सायकल चालवता आली असं समजू नका. वाट सुरुवातीला छान होती. पुढे वेड्या बाभळी इतक्या माजल्या होत्या की वाकून जावं लागलं. ओढ्याजवळ चाकोऱ्यांत दगडगोटे होते. आणि ओढ्यापलीकडच्या एका शेताशी तर वाट गायबच झाली. आम्ही सुतळी लावली. साडेसोळा फुटांची वाट तिथे दोन गाठींवर, म्हणजे चार फूट दीड इंचावर आली होती. बाकीच्या वाटेवर ऊस उभा होता.

आप्पांचा ऊस

त्या शेताचे मालक बांधावरच बसले होते. वाडीत सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. मुलांच्या हातातली सुतळी बघून ते उठून उभे राहिले.

"काय मोजताय बाई?"

मी सांगितलं. नकाशाही दाखवला. आप्पांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वाट हाय, म्या कुठं न्हाय म्हणतोय? माझ्या बानं ह्याच वाटंनं गाडी नेलीय. पर गेली वीस वर्सं हितनं कोण गेलंय सांगा की. रान पडून ऱ्हायचं, मग लावला ऊस. आता उभा ऊस तोडू काय?"

खरं सांगायचं तर मला राग आला होता. कायदाही मला ठाऊक होता. १९०६ सालचा मामलतदार न्यायालय अधिनियम आहे. कुणी वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो आणि ते वाट मोकळी करून देऊ शकतात. अर्ज लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. पण अर्ज झाला की तारखा आल्या, तारखा आल्या की भावकीत भांडणं आली. शिवाय त्यांची नात माझ्याच शाळेत दुसरीत! म्हणून मी गप्प राहिले.

बोलली ती सातवीतली मुलगी. म्हणाली, "आप्पा, ऊस तुटूपर्यंत आम्ही कडंकडंनं जातो. एकामागं एक. पण खोडव्याला तेवढ्या सऱ्या सोडा ना. मला आठवीत जायचंय."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती सऱ्या?"

तिने सुतळी धरून दाखवलं. आप्पांनी मान हलवली. "येवढ्या न्हाय. आठ फूट सोडतो. सायकलला काय करायचीय सोळा फूट?"

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी अर्ध्यावर समाधान मानलं! हो, मानलं. बैलगाडी तिथून जायची नाही, हे खरं आहे आणि ते मला अजून खटकतं. पण सायकल जाईल. जानेवारीत आप्पांचा ऊस तुटला आणि त्यांनी बोलल्याप्रमाणे जागा सोडली. नुसती सोडली नाही, तर स्वतःच्या ट्रॅक्टरने दोन ट्रॉल्या मुरूमही आणून टाकला. ज्या ट्रॉल्यांना आम्ही इतके घाबरत होतो, त्याच आमच्या कामाला आल्या! बाभळी पालकांनी एका रविवारी तोडल्या. काटे गोळा करायचं काम मात्र मुलांकडे. आणि ते फार महत्त्वाचं होतं, का ते पुढे सांगते.

सायकल आणि औंधचं जुनं नातं

औंध हे गाव आज लहान असलं तरी एके काळी ते संस्थानाची राजधानी होतं. औंध संस्थानात ७२ गावं होती, पण सगळी एका जागी नव्हती. थोडी औंधभोवती, थोडी आटपाडीकडे, थोडी कुंडलला, तर थोडी पार विजापूरकडे. १९०९ ते १९४७ या काळात इथे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी राज्य करत. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे मोठे भोक्ते! संस्थानातल्या शाळांमध्ये मुलांना रोज सूर्यनमस्कार घालावे लागत. १९३८-३९ साली तर त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभारच प्रजेच्या हाती सोपवला.

याच राजेसाहेबांकडे बेळगावहून एक गृहस्थ आले होते. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. लोखंडी नांगर करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या उद्योगाची सुरुवात कशाने झाली, सांगा पाहू? सायकलींच्या दुकानाने! बेळगावात लक्ष्मणराव आणि त्यांचे बंधू रामूअण्णा सायकली विकत. पुढे बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात, कुंडल रेल्वे स्टेशनजवळच्या माळावर जागा दिली. हे १९१० साल. ओसाड माळावर कारखाना उभा राहिला, वसाहत झाली, तीच सांगली जिल्ह्यातली आजची किर्लोस्करवाडी.

आणि सायकल मुळात आली कुठून? १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने दोन चाकांची लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पायटे नव्हतेच! जमिनीवर पाय मारत मारत ती पुढे न्यायची. त्याच जर्मनीत आज लहान लहान गावांभोवती शेतातून जाणारे रस्ते आहेत. त्यांच्या तोंडाशी एक गोल पाटी असते, पांढरी, लाल काठाची, आत मोटार आणि मोटारसायकलचं चित्र. म्हणजे मोटारींना बंदी. खाली लिहिलेलं असतं की शेतीच्या वाहनांना मुभा आहे. सायकलवाल्यांना तर मोकळं रानच! ट्रॅक्टर कधीमधी येतो, बाकी दिवसभर शाळेची मुलं, आजीआजोबा, सहलीला निघालेली कुटुंबं त्या रस्त्यांवर सायकली चालवतात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, ही तर आपली पाणंदच की! फक्त त्यांनी तिच्यावर उसाची लावण केली नाही.

सराटा नावाचा राक्षस

आता वाट तयार झाली. फेब्रुवारीच्या एका रविवारी आमची पहिली फेरी ठरली. अकरा सायकली, तेरा मुलं (दोन डबलसीट) आणि मी. निघून दहा मिनिटं झाली नाहीत तोच फुस्स! मग दुसरी फुस्स! ओढ्यापर्यंत चार सायकली पंक्चर. काटे वेचले होते, पण सराटे कोण वेचणार? सराटा ठाऊक आहे ना? जमिनीला चिकटून वाढणारं, बारीक पिवळ्या फुलांचं वेल. त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर असतोच.

बरं झालं, पंक्चरचं सामान बरोबर होतं. टायर काढायचे पाने, कानस, सोल्युशन, पॅच आणि पंप. ओढ्याच्या डबक्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, तिथे खूण केली. ट्यूब कोरडी करायची, कानशीने घासायची, सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. हे थांबणंच मुलांना जमत नाही! सोल्युशन जरा सुकल्याशिवाय पॅच लावला की तो सुटलाच म्हणून समजा. आणि पॅच लावल्यावर टायरच्या आतून हळूच बोट फिरवून काटा निघाला का ते बघायचं. आमच्या एका बहाद्दराने ते केलं नाही आणि पन्नास पावलांवर पुन्हा फुस्स! आता आमच्या वर्गातली प्रत्येक मुलगी आणि मुलगा पंक्चर काढू शकतो. दुकानात जायचं कामच नाही.

गाडीवाटेवर आणखी थोडी काळजी घ्यावी लागते. चाकोरीत चाक गेलं की एकदम हॅन्डल वळवायचं नाही, नाहीतर आडवे होणार. समोरून म्हशी आल्या तर खाली उतरायचं आणि बाजूला उभं राहायचं, कारण म्हशीला घंटी कळत नाही. कुणाच्या पिकातून सायकल घालायची नाही. आम्हाला वाट मिळाली आहे, शेत नाही. उतारावर फक्त पुढचा ब्रेक दाबला की काय होतं ते मी इथे लिहीत नाही, माझ्या कपाळावरची खूण बघायला या.

तर सांगायचं म्हणजे आम्ही औंधला पोचलो. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला सायकली थांबल्या. चढावर श्री भवानी संग्रहालय आहे. तिथवर सायकली ढकलत नेल्या. १९३८ साली राजेसाहेबांनी हे संग्रहालय उघडलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं माता आणि बालक हे दगडी शिल्पही आहे. मुंबई-पुण्याची माणसं मुद्दाम गाडी करून ते पाहायला येतात. आमची मुलं मात्र घामाघूम होऊन, हाताला सोल्युशनचा वास घेऊन त्याच्यापुढे उभी होती. एका मुलाने विचारलं, "बाई, ह्याला नाक-डोळं का न्हाईत नीट?" त्यावर आमची बरीच चर्चा झाली, ती पुन्हा कधीतरी.

नंतर वर यमाईच्या देवळात गेलो. वरून सगळा मुलूख दिसतो. डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर मुंगळ्यांसारखे सरकत होते. आणि ओढ्याच्या कडेने एक बारीक पिवळसर रेघ गेली होती. नकाशात तुटक होती, इथून मात्र अखंड दिसत होती.

पावसाळ्याचं काय?

हा प्रश्न त्या मुलीच्या वडिलांनी लगेच विचारला. ओढ्याला पाणी आलं की वाट बंद, आणि शाळा तर जूनमध्येच सुरू होते. मला उत्तर सुचेना. ते मुलीनेच दिलं. उसाचे ट्रॅक्टर असतात नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. तेव्हा ओढा कोरडा, गाडीवाट खुली. पावसाळ्यात ओढा वाहतो, पण तेव्हा कारखाने बंद, म्हणून डांबरी रस्ता मोकळा! वडील हसले. नंतर म्हणाले, "बघू."

आमचा भाग पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचाच. त्यामुळे ओढ्याला सायकल अडेल एवढं पाणी थोडेच दिवस असतं. खरा त्रास चिखलाचा. काळी माती मडगार्डात अशी बसते की चाक फिरतच नाही. काटकीने ती काढत बसावं लागतं. ओढ्यात सिमेंटच्या नळ्या टाकून वर भराव घालावा, असा अर्ज मुलांनी ग्रामपंचायतीला दिला आहे. सरपंचांनी तो ठेवून घेतला. नळ्या अजून आलेल्या नाहीत. ग्रामसभेत विषय निघाला की मुलं खिडकीबाहेर उभी राहून ऐकतात.

ती मुलगी आता आठवीत आहे. तिच्याबरोबर वाडीतली आणखी सहा मुलं गाडीवाटेने जातात. परवा ती शाळेच्या फाटकाशी सायकल थांबवून म्हणाली, "बाई, तुमचा आकडा चुकला. १,६४० न्हाईत, १,६३२ फेरे होतात."

मी म्हटलं, "अगं, तूच तर मोजले होतेस!"

"तवा बरोबर होते. आप्पांनी वळणावरचा बांध सरळ केला की परवा!"